वीस मिनिटांचा थांबा

'बाबा, तुमचं सगळं आयुष्य बसमध्ये गेलंय. सहा दिवसांची बस टूर म्हणजे तुम्हाला किरकोळ,' असं म्हणत लेकीने लास व्हेगासहून सुटणाऱ्या गाडीची दोन तिकिटं माझ्या हातावर ठेवली. आता तिला कोण सांगणार, की माझं आयुष्य बसमध्ये नाही, बसच्या बाहेर गेलं. एसटीचा वाहतूक नियंत्रक गाडीत बसत नाही, तो गाडी सोडतो. एकतीस वर्षं मी स्टँडावरच्या केबिनमधून महाबळेश्वरची गाडी सोडली, गणपतीपुळ्याची सोडली, आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सोडल्या आणि संध्याकाळी सायकलवर टांग मारून घरी गेलो. लोक गेले, मी फक्त त्यांच्या नावाने माइकमध्ये ओरडलो.

गाडी मात्र बघण्यासारखी होती. पोटात सामानाचे कप्पे, आत गार हवा, काचा छतापर्यंत. एकच दोष होता, खिडक्या उघडत नव्हत्या. म्हणजे बाहेरून रुमाल टाकून जागा धरायची सोय नाही. मी सवयीने रुमाल खिशातून काढला होता, त्याने घाम पुसून परत ठेवला.

सत्तेचाळीस प्रवासी. त्यातले बहुतेक चिनी बोलणारे. बाकी एक सुरतचं जोडपं, मुलाकडे आलेले एक तेलुगू आईवडील, नागपूरचे काका-काकू आणि आम्ही. गाईड तैवानचा, चाळिशीचा, हातात काठी आणि काठीला पिवळी झेंडी. तो आधी चार मिनिटं चिनीत बोलायचा. तिकडे हशा पिकायचा, कुणी माना डोलवायचं, एखादी आजी डोळे टिपायची. मग आमच्याकडे वळून तो तेच सगळं इंग्रजीत सांगायचा, 'ट्वेन्टी मिनिट्स, ओके?'

नियमही त्याने असेच थोडक्यात सांगितले. जागा रोज बदलायच्या, आज पुढे बसलेला उद्या तीन रांगा मागे. हे ऐकून सौ.चा चेहरा उतरला, कारण पहिल्या दिवशी आम्ही पहिल्या रांगेत होतो. बसमध्ये स्वच्छतागृह आहे, पण ते आहे एवढंच समाधान मानायचं, वापरायचं नाही. टिप ऐच्छिक आहे आणि ती माणशी दररोज किती ते कागदावर छापलेलं आहे. चालक मात्र दिवसाला दहा तासांवर गाडी चालवणार नाही, तसा इथला कायदा आहे आणि तासांचा हिशोब गाडीतलं यंत्रच ठेवतं. मी आदराने त्या यंत्राकडे पाहिलं. लॉगशीटवर खाडाखोड करायला त्यात जागाच नव्हती.

आमच्याकडे चहापाण्याच्या थांब्यावर वाहक ओरडतो, 'गाडी दहा मिनिटं थांबेल', आणि गाडी पंचवीस मिनिटं थांबते. इथे वीस म्हणजे वीस. त्या वीस मिनिटांची वाटणी मी दुसऱ्याच थांब्यावर डायरीत मांडली. पुढच्या आजी पायरी-पायरीने उतरेपर्यंत चार, स्वच्छतागृहाच्या रांगेत सात, फोटोला पाच, दुकानात फ्रिजवर चिकटवायचं चुंबक निवडायला तीन आणि एकसारख्या दिसणाऱ्या सहा बसमधून आपली ओळखायला एक. हिशोब चोख जमतो. निसर्गाला वेगळी मिनिटं नाहीत, तो फोटोत मागे येतो.

ग्रँड कॅन्यनला साडेचारशे किलोमीटर जाऊन पोचलो. तिथेही महाबळेश्वरसारखे पॉइंटच निघाले. मॅदर पॉइंट, यावापाई पॉइंट, होपी पॉइंट. पॉइंट म्हटल्यावर सौ.ने आपोआप मक्याचं कणीस आणि स्ट्रॉबेरीवाला शोधला. मग ती कठड्याशी गेली आणि गप्प झाली. पस्तीस वर्षांच्या संसारात ही घटना मी बोटांवर मोजली आहे. दरी एक मैलाहून खोल, काही ठिकाणी अठरा मैल रुंद, आणि कोलोरॅडो नदीच्या वाटेने मोजली तर ४४६ किलोमीटर लांब. तळाशी ती नदी सुतळीएवढी. एवढा खड्डा एवढ्याशा नदीने पाडला यावर विश्वास बसेना. पण पन्नास-साठ लाख वर्षं कुणी मध्ये न बोलता काम करू दिलं, तर काय होतं त्याचा तो नमुना.

तेवढ्यात गाईडने झेंडीची काठी पूर्वेकडे रोखली. 'तुम्ही इंडियन ना? ते तुमचं. विष्णू टेम्पल.'

'विष्णूचं देऊळ?' सौ.चा हात चपलेकडे गेला. 'पायऱ्या कुठून आहेत?'

पायऱ्या नव्हत्या, देऊळही नव्हतं. देवळाच्या शिखरासारखा निमुळता सुळका होता. १८८० च्या सुमारास क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाला हे सुळके पाहून पूर्वेकडची देवळं आठवली आणि त्याने विष्णूचं नाव देऊन टाकलं. पुढे ब्रह्मा, शिव, राम, कृष्ण, बुद्ध, मनू असे सगळेच ॲरिझोनात स्थायिक झाले, व्हिसाशिवाय. दरीच्या अगदी तळाशी जो काळा खडक दिसतो त्याचं शास्त्रीय नावसुद्धा विष्णू शिस्ट. वय सुमारे १७० कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटींचा, म्हणजे या विष्णूपुढे अजून उमेदवारीतच म्हणायचा. सौ.ने चपला न काढता, पण दोन्ही हात जोडून नमस्कार केला. नागपूरचे काका म्हणाले, 'इथे एक रेलिंग धड नाही बघा.' आणि मागून आवाज आला, 'ट्वेन्टी मिनिट्स!' १७० कोटी वर्षं थांबलेला विष्णू तिथेच राहिला, आम्ही धावत सुटलो.

दुसऱ्या दिवशी माझा जीव खरा कासावीस झाला तो घड्याळामुळे. उन्हाळ्यात जवळजवळ सगळी अमेरिका घड्याळं तासभर पुढे करते, ॲरिझोना करत नाही. पण ॲरिझोनाच्या आत नावाहो लोकांचा मुलूख आहे, तो करतो. त्या मुलखाच्या पोटात होपी लोकांचा मुलूख आहे, तो करत नाही. आणि नावाहो मुलखाला लागून पेज नावाचं गाव आहे, जिथे आम्ही मुक्कामाला होतो, ते ॲरिझोनाच्या बाजूने. शेजारी युटा, तिथे पुन्हा तास पुढे. माझा मोबाइल यातल्या ज्याचा टॉवर सापडेल त्याचं ऐकत होता. खोलीत सात, खिडकीशी आठ. पहाटे मी सौ.ला साडेपाचला उठवलं, तेव्हा गाईडच्या मते साडेचार झाले होते आणि सौ.च्या मते मला वेड लागलं होतं. मी गाईडला गाठून विचारलं, खरी वेळ कोणती? त्याने मनगट पुढे केलं. 'हे घड्याळ.' मी मनातल्या मनात त्याला सलाम ठोकला. आमच्या जुन्या वाहकांचंही हेच उत्तर असे.

मिळालेल्या जादा तासाचं सौ.ने सोनं केलं. मोटेलच्या खोलीत कॉफीचं यंत्र असतं. त्यातल्या कढत पाण्यात तिने दडप्या पोह्यांचं पाकीट भिजवलं. लेकीने भरून दिलेलं लिंबाचं लोणचं सोडलं आणि हॉलमध्ये सुवास दरवळला, तसं सुरतचं जोडपं थेपल्यांसकट हजर झालं. खाली फुकट नाश्ता होता, पण तिथे वॉफलचं यंत्र होतं. त्यात पीठ ओतायचं, झाकण लावायचं आणि सगळा साचा उलटा करायचा. नागपूरच्या काकांनी झाकण न लावता तो उलटा केला होता. त्यांच्या शर्टावर आदल्या दिवसाची नक्षी अजून होती.

ब्राइस कॅन्यनला केशरी दगडांचे हजारो खांब उभे, जणू पालखीच्या वाटेवर दुतर्फा माणसं. हिवाळ्यात चिरांत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि दगड फोडतं. वर्षात दोनशेच्या आसपास रात्री हा कारखाना चालतो. ज्या ब्राइस नावाच्या शेतकऱ्यावरून हे नाव पडलं, तो म्हणे एवढंच म्हणाला होता, की गाय हरवायला ही जागा फार वाईट. सगळ्या सहलीत मला पटलेला प्रवासी हा एकच. त्याला देखावा दिसला नाही, दावं सुटलेली गाय दिसली. पोट भरायच्या कामात माणूस असला की देखाव्याचं असंच होतं.

सॉल्ट लेक सिटी आम्ही झोपेत पाहिली. चांगली असावी.

वायोमिंगमध्ये ग्रँड टिटॉनचे तीन सुळके लागले, सगळ्यात उंच ४,१९९ मीटर. तेलुगू काकूंनी नावाचा अर्थ विचारला. गाईडने न ऐकल्यासारखं केलं. सुरतच्या भाईंनी मोबाइलला विचारलं आणि मोबाइलने भर बसमध्ये खणखणीत आवाजात सांगितलं, की जुन्या फ्रेंच शिकाऱ्यांना या डोंगरांमध्ये बाईची छाती दिसली होती. पुढची दहा मिनिटं सगळे पुरुष उजव्या खिडकीतून बाहेर बघत होते. डोंगर डावीकडे होते.

आणि मग यलोस्टोन. १८७२ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सही केली आणि जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा मोठं. आत शिरलो आणि गाडी थांबली. रस्त्यावर बायसन उभा होता. म्हशीचा भाऊ, पण डोकं आणि खांदे कुणीतरी दुसऱ्या मोठ्या जनावराचे चिकटवल्यासारखे. वजन नऊशे किलोपर्यंत, धावला तर ताशी पन्नासच्या वर, त्यामुळे त्याच्यापासून पंचवीस यार्ड लांब राहायचा नियम. हा धावत नव्हता. पांढऱ्या पट्ट्यावर उभा राहून तो विचार करत होता. मागे गाड्यांची रांग लागली. आमचा चालक हॉर्न वाजवेना. आमच्या डेपोचा चालक असता तर आधी हॉर्न, मग खिडकीतून मुंडकं, मग त्या बायसनच्या मालकाचा उद्धार. पस्तीस मिनिटांनी बायसनने विचार पूर्ण केला आणि तो बाजूला झाला. गाईडचं तोंड कडू झालं होतं. वीस मिनिटांचे जवळजवळ दोन थांबे एका जनावराने खाल्ले होते.

ग्रँड प्रिझमॅटिक हे उन्हाळं शंभर मीटरहून रुंद, मध्ये निळंशार आणि कडेला पिवळी-नारिंगी झालर. झालर म्हणजे गरम पाण्यात राहणारे सूक्ष्मजीव. याच भागातल्या उन्हाळ्यांत १९६६ मध्ये टॉमस ब्रॉक यांना असा एक जिवाणू सापडला, ज्याच्या विकरामुळे पुढे पीसीआर चाचणी सोपी झाली. कोविडमध्ये नाकात काडी घालून घेताना आपण जिच्या नावाने बोटं मोडली, तिचं हे माहेर.

शेवटचा थांबा ओल्ड फेथफुल. 'गीझर बघायला एवढ्या लांब आणलंत?' सौ. म्हणाली. 'न्हाणीघरात आहे की.' पण मी ऐकत नव्हतो. माझी नजर फलकावर खिळली होती. त्यावर पुढच्या फवाऱ्याची वेळ होती, ४:१२, आणि खाली लिहिलं होतं, दहा मिनिटं इकडे किंवा तिकडे. आम्हीही वेळापत्रक लावायचो. दहा मिनिटं इकडे-तिकडे आमच्याही मनात असायची, पण ती फळ्यावर लिहायची हिंमत एकतीस वर्षांत झाली नाही. मी तिथल्या रेंजरबाईंना विचारलं, ही वेळ कशी काढता? त्या म्हणाल्या, आधीचा फवारा किती चालला त्यावरून. दोन मिनिटांत आटोपला तर आत पाणी बरंच उरतं, पुढचा तासा-सव्वातासात येतो. चार-पाच मिनिटं चालला तर टाकी पुन्हा भरून तापायला दीड तास. आधीची फेरी कशी झाली ते बघून पुढची गाडी सोडायची! बाई आमच्याच खात्यातल्या निघाल्या.

गाईडने झेंडी खाली घेतली. 'आज ट्वेन्टी मिनिट्स नाही. तो म्हणेल तेव्हा.' सगळे अर्धवर्तुळात बाकांवर बसले. पहिल्यांदाच कुणी घाईत नव्हतं. जमीन धुमसत होती, मधूनच एक उचकी, थोडं पाणी, परत शांत. माझ्या लक्षात आलं, गाईड त्या धुराकडे पाठ करून उभा आहे आणि आमच्याकडे बघत ओठ हलवतोय.

'काय करतोस?'

'मोजतो. फवारा उडतो तेव्हा सगळे एका जागी असतात, कुणी हलत नाही. मोजायला याच्याइतकी चांगली वेळ नाही.'

'किती वर्षं येतोस?'

'अकरा.'

'आणि फवारा?'

तो हसला. 'आवाज ओळखतो.'

आषाढीला जादा गाड्या सोडणाऱ्याला पंढरपूर कुठे दिसतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी त्याच्या हातातून झेंडी काढून घेतली, त्याला खांद्याला धरून बाकावर सौ.शेजारी बसवलं आणि त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो, पाठ करून. सौ.ने काही न बोलता भाकरवडीची पिशवी त्याच्यापुढे धरली. मागे जमीन फुसफुसली आणि मग एसटीचे सगळे ब्रेक एकदम लागावेत तसा आवाज झाला. शेहेचाळीस माना वर गेल्या. गाईड धरून सत्तेचाळीस. त्याच्या हातातली भाकरवडी तशीच राहिली. मी मोजत होतो.

रात्री लेकीचा फोन आला. 'बाबा, कसा होता ओल्ड फेथफुल?'

'चार मिनिटं उशिरा,' मी म्हटलं. 'फलकावर लिहिलं होतं त्यात बसतं. आणि एकही प्रवासी कमी नाही.'