शेंगा-भाकरी बिघडवावी कशी? नव्या हॉटेलमालकांसाठी पहिले धडे

सोलापुरात हॉटेल काढलंत, अभिनंदन! बर्गर बिघडवणं सोपं आहे. शिळा पाव, कोबीचा ढिगारा आणि वरून बदाबदा मेयोनीज एवढ्यात भागतं, गिऱ्हाईकही फारसं मनावर घेत नाही. शेंगाची चटणी बिघडवायला मात्र डोकं लागतं, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नसतंच. शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. संपलं.

सुरुवात भाजण्यापासून करावी. घरोघरी बायका मंद आचेवर दाणे खमंग भाजतात, सालं पाखडतात आणि उखळात कुटत बसतात. कुटता कुटता दाण्याचं अंगचं तेल सुटतं आणि चटणी मुठीत दाबली तर लाडू वळतो, वरून थेंबभर तेल न घालता. तुम्ही या भानगडीत पडू नये. मोठ्या आचेवर दाणे बाहेरून करपवावेत, आतून कच्चे ठेवावेत आणि मिक्सरमध्ये गरगर फिरवावेत. कोरडा भुगा हाती येईल. तो ओलसर दिसावा म्हणून पामतेल ओतावं. चिमूटभर साखर टाकायला हरकत नाही, पुण्याचे पाहुणे खूश होतात.

आता भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मेन्यूकार्डावर ठळक छापावं. पीठ मात्र महिन्यापूर्वी दळलेलं घ्यावं. जुन्या पिठाची विरी जाते, आणि आपल्याला हवं तेच होतं. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून जाणत्या बायका आधणाचं पाणी घालतात आणि तळहाताच्या टाचेनं पीठ रगडून रगडून एकजीव करतात. आधणाला गॅस जळतो, रगडायला मनगट लागतं. दोन्हीत बचत करावी. थापताना कडा फाटल्या तर घाबरू नये, वाटीनं गोल कापून घ्याव्यात. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात, तेवढं विसरलं की पापुद्रा सुटायचा धोकाही टळतो. अगदीच जमेना तर मैदा मिसळून लाटावी आणि बटर लावावं. बटर काय, कशावरही चालतं.

कडक भाकरी बाहेरून तयार मिळते, त्यामुळे बिघडवायला वाव कमी. तरी निराश होऊ नका. आमटीत ती कुस्करायची असते गिऱ्हाइकानं, आपल्या हातानं. तुम्ही ती आधीच आमटीच्या वाटीवर झाकण म्हणून ठेवून पाठवा. टेबलावर पोचेपर्यंत तिची गोधडी झालेली असते.

वाढपाचे नियम थोडकेच. चटणी मातीच्या बोळक्यात चमचाभर, वर कोथिंबीर. कांदा बुक्कीनं फोडून देऊ नये, गावंढळ दिसतो. टोमॅटोसोबत नाजूक चकत्या मांडाव्यात. दही मागितलं तर वेगळं बिल लावावं.

एवढं करूनही बार्शी-अक्कलकोटकडची एखादी आज्जी येतेच. घास घेण्याआधी ती चटणी चिमटीत धरून दाबून बघेल, मग वेटरकडे मान वर करून विचारेल, “कुटलीया का फिरवलीया?” तिच्याशी वाद घालू नये. लगेच बिल आणून ठेवावं, बडीशेपेसकट.