जादूगाराला वऱ्हाडी शिकवा

१९९१ साली ‘फायनल फँटसी’ मालिकेतला एक जपानी गेम इंग्रजीत आला. त्यात लेकीला पळवून नेणाऱ्या भाटावर म्हातारा जादूगार तुटून पडतो आणि त्याला ‘स्पूनी’ म्हणतो. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ प्रेमात खुळावलेला. पोरांना वाटलं, चमच्याशी काही भानगड असावी. शब्द एवढा गाजला, की पुढच्या भाषांतरांनीही तो हौसेनं ठेवला.

हा बाप वऱ्हाडातल्या दारव्ह्याचा असता तर “माह्या पोरीले कुठी नेलं बे येड्या?” एवढ्यात भागलं असतं.

पण असे गेम मराठीत आणायचे, तर वऱ्हाडीला विचारतो कोण! समिती बसेल. सरकारी ‘पदनाम कोशा’ला लोकांनी ‘बदनाम कोश’ म्हटलं, तरी आपली हौस फिटलेली नाही. काढ्याच्या बाटलीवर ‘प्राणशक्तिवर्धक द्रावण’ येईल. ड्रॅगन मारायला ‘पूर्वानुमती’ लागेल.

यवतमाळच्या पोराला त्याचं काय? सातबाऱ्यावरचं ‘पोटखराबा’ आणि ‘भोगवटादार वर्ग-२’ पचवलेल्याला कुठलीच मायावी भाषा जड नाही. उलट गेम सोपा. तिथे मेलं तरी वारसनोंद लागत नाही.