अप्पांचं कार्ट विचाराधीन आहे

आमच्याकडं कार्टं म्हणजे न ऐकणारं पोरगं. त्यामुळं पुतणीनं पहिल्यांदा "काका, काल अकरा जण कार्ट सोडून गेले" असं सांगितलं, तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या बापूंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "कुणाकुणाची म्हणायची?"

पुतणी पुण्याला कॉम्प्युटर शिकली, चार वर्षं तिथंच नोकरी केली आणि मग बिलोलीला परत आली. आमच्या कापडदुकानाच्या मागच्या खोलीत पूर्वी चादरींच्या गाठी असायच्या, तिथं तिनं ऑनलाइन दुकान थाटलं. धर्माबादच्या मिरचीची पूड, येसर, लाकडी घाण्याचं करडईचं तेल, कुरडया. गिऱ्हाईक पुण्याचं, हैदराबादचं, म्हणजे इथून पोटासाठी गेलेलं आणि तिथल्या तिखटाला नावं ठेवणारं. धंदा बरा चालला. फक्त माणसं टोपली भरायची आणि पैसे द्यायच्या पानावरून नाहीशी व्हायची. अशा अर्धवट ऑर्डरींची यादी ती रोज सकाळी चहाबरोबर वाचायची. त्या यादीत एक नाव रोज असायचं. पत्ता बिलोलीचाच. आमच्या दुकानापासून चौथी गल्ली.

तेच आमचे अप्पा.

अप्पा म्हणजे निवृत्त अव्वल कारकून. कुठल्या कचेरीतले ते विचारू नका, उगाच खुलासा मागवतील. तिथं त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि एवढ्या काळात त्यांच्या टेबलावरून एकही कागद घाईनं पुढं गेला नाही. निरोप समारंभात साहेबांनी हे कौतुक म्हणून सांगितलं होतं. अंगात पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, निळं सहीला आणि लाल शेऱ्याला. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला रबर. वापरायचा तोही पिशवीसकट. स्क्रीन सरकवायच्या आधी अप्पा बोट जिभेला लावतात. फायलीची पानं उलटायची सवय ती. बोट ओलं, पिशवी ओली, पान काही सरकत नाही, मग बोट पुन्हा जिभेला. असं करत करत पहाटे साडेचारला उठून ते बाजार करतात. बाजार करणं म्हणजे टोपलीत टाकणं. घेणं हा वेगळ्या खात्याचा विषय.

ही जात एकट्या बिलोलीत आहे असं समजू नका. डेन्मार्कमधली बेमार्ड नावाची एक संस्था वर्षानुवर्षं हेच मोजत बसली आहे. तिचा हिशेब असा की ऑनलाइन दुकानात भरलेल्या १०० टोपल्यांतल्या सुमारे ७० तशाच पडून राहतात. कारणांत पहिला नंबर शेवटच्या पानावर अचानक उगवणाऱ्या खर्चाचा, म्हणजे डिलिव्हरी, कर वगैरेंचा. मग पोचायला लागणारे दिवस, कार्डाचा नंबर द्यायची धास्ती, सक्तीनं उघडायला लावलेलं खातं, लांबलचक फॉर्म. पुतणीनं हा तक्ता छापून भिंतीला लावला. गंमत अशी की जे नुसतेच बघायला आले होते, त्यांना ही कारणं मोजताना आधीच वेगळं काढलेलं असतं. अप्पा त्या वेगळ्या काढलेल्यांत येतात की तक्त्यात, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

बापूंना या तक्त्याचं काही वाटलं नाही. त्यांची हयात गादीवर गेली. दोन बायका येणार, चाळीस साड्या उलगडायला लावणार, काठ चोळून बघणार, उन्हात नेऊन रंग बघणार आणि शेवटी "मालकाला विचारून येतो" म्हणून चपला घालणार. बापू विचारायचे, "पाणी घेतलाव का माय?" बस्स. का चाललात, काय आवडलं नाही, हे त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नाही. "उलगडलेल्या साडीला घडी घालावं लागतंय, एवढीच नुकसानी." दुसरी जात त्याहून पक्की. ते माल निवडतात, भाव पाडून घेतात, बांधायला लावतात आणि म्हणतात, "बाजूला ठिवा, बाजार करून येतो." अशी गठुडी वरच्या फळीवर जातात. सोयाबीन मोंढ्यात गेलं की त्यातली बरीचशी सुटतात. एक मात्र कधीचं तिथं आहे. त्याच्या वर्तमानपत्राचा रंग हळदीसारखा झाला आहे, पण दिवाळीच्या झाडलोटीतही बापू त्याला हात लावू देत नाहीत.

पुतणीला घडी घालून गप्प बसणं जमेना. तिनं अप्पांना फोन लावला.

"अप्पा, कार्ट कामून सोडलाव?"

"सोडलं कुठं? विचाराधीन आहे."

मग एकेक त्रुटी बाहेर पडली. पहिली डिलिव्हरीची. "आगं माय, तुमच्या दुकानात शिंकलं तर माझ्या वसरीत ऐकू येतंय. त्याचे पंचेचाळीस रुपये?" पुतणीनं समजावलं की पार्सल आधी नांदेडला जातं, तिथं निवडानिवड होते, मग परत येतं. अप्पा म्हणाले, "म्हंजे माझी मिरची मला भेटायच्या आधी नांदेड बघून येणार." तिनं मुकाट्यानं डिलिव्हरीचा खर्च मालाच्या शेजारीच दिसेल असा लावला आणि ५९९ रुपयांच्या पुढं तो माफ केला. पुण्याच्या ऑर्डरी त्या आठवड्यातच वाढल्या. अप्पांची टोपली ५८५ वर येऊन थांबली. "चौदा रुपयांचं काय हाय तुमच्याकडं?" काही नव्हतं. पोरगी जिद्दीची, तिनं खास पंधरा रुपयांची ओव्याची पुडी दुकानात आणली. अप्पांनी पहाटे ती टोपलीत टाकली. बेरीज झाली ६००. सकाळी घरात ओवा निघाला. पुडी बाहेर.

खातं उघडण्याची सक्तीही तिनं काढून टाकली, नुसतं नाव-पत्ता दिला तरी चालेल असं केलं. यात अप्पांचा मात्र हिरमोड झाला, कारण फॉर्म भरणं हे त्यांचं सुख. 'जवळची खूण' या रकान्यात त्यांनी चतुःसीमा लिहायला घेतली होती: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस भावकीचं घर, दक्षिणेस नाली, उत्तरेस वादग्र. पुढं रकान्यानंच नाकारलं.

पैसे ऑनलाइन भरायची गोष्ट तर ओटीपीवर अडली. मेसेज आला, सहा आकडे आले आणि खाली ओळ होती की हा क्रमांक कुणालाही सांगू नका. अप्पांनी तो कुणालाही सांगितला नाही. वेबसाइटलाही नाही. "लेखी सूचना होती," असं ते म्हणाले. यावर तुमच्याकडं काही उत्तर असेल तर पुतणीला कळवा.

मग तिनं आठवणीचे मेसेज सुरू केले. 'तुम्ही काहीतरी विसरलात!' असा पहिला. अप्पांचं उत्तर तासाभरात: "मी काहीही विसरलेलो नाही. अर्धा किलो मिरची पूड, पाव किलो येसर, अर्धा लिटर तेल. तोंडपाठ आहे." दुसरा मेसेज जास्त चलाख होता: 'फक्त २ शिल्लक! घाई करा!' खरं सांगायचं तर मागच्या खोलीत मिरचीचं पोतं भिंतीला टेकून उभं होतं. ती ओळ वेबसाइटच्या सॉफ्टवेअरनं आपणहून चिकटवली होती आणि पोरीनं ती राहू दिली होती. अप्पा स्वतः दुकानात आले, पडदा बाजूला सारून पोतं बघितलं आणि काही न बोलता निघून गेले. संध्याकाळी लाल शाईत लिहिलेल्या कागदाचा फोटो आला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यात असे १३ प्रकार दिले आहेत आणि खोटी घाई लावणं हा त्यातलाच एक आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. न विचारता टोपलीत भर टाकणं आणि 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं हे दोन प्रकारही त्यांनी खाली लाल रेघ मारून दाखवले होते, 'भविष्यासाठी'. पुतणीनं ओळ काढली. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात एवढं एकच काम खऱ्या अर्थानं निकाली निघालं, आणि ते अप्पांनी काढलं.

पोच झाल्यावर रोख पैसे, हा शेवटचा उपाय. आपल्या देशात ऑनलाइन बाजार खेड्यापाड्यांत पोचला तो याच वाटेनं. फ्लिपकार्टनं २०१० साली ही सोय आणली, तेव्हा कार्ड नसलेल्या माणसालाही फोनवरची वस्तू आपलीशी वाटायला लागली. पण ज्याला पैसे आधी द्यायचे नसतात, त्याला नंतरही न देण्याची मोकळीक असते, आणि परतीच्या पार्सलाचं दोन्हीकडचं भाडं दुकानदाराच्या माथी. अप्पांनी बटण दाबलं! त्या दिवशी पुतणीनं आम्हाला पेढे दिले. चौथ्या दिवशी पोरगा पार्सल घेऊन अप्पांच्या दारात. अप्पा म्हणाले, फोड. तो म्हणाला, आधी पैसे. अप्पा म्हणाले, तपासणीशिवाय देयक अदा होत नसतंय. मिरची परत नांदेडला गेली आणि तिथून आमच्याकडं आली. गावाबाहेर न पडलेली माणसं बिलोलीत आहेत, पण आमची मिरची दोनदा नांदेडला जाऊन आलेली आहे.

त्या संध्याकाळी अप्पा दुकानात येऊन बसले, थोडे ओशाळलेले. बापूंनी चहा मागवला. पुतणीनं त्यांना मोबाइलवर वाचलेली गोष्ट सांगितली. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं १९३७ साली पहिल्यांदा चाकं लावलेली ढकलगाडी दुकानात ठेवली. कुणी तिला हात लावेना. बायका म्हणाल्या, बाबागाडी ढकलून हात दुखलेत, आता ही कशाला? गड्यांना वाटलं, टोपलीसुद्धा उचलवत नाही असं लोक म्हणतील. मग त्यानं पगारी माणसं ठेवली. त्यांनी दिवसभर गाड्या ढकलत दुकानात हिंडायचं आणि खरेदी करतोय असं दाखवायचं.

अप्पांनी बशी खाली ठेवली. "खरेदीचं सोंग करायला पगार देत होते?"

"हो अप्पा."

"अन् मी फुकट करलालो!"

बापू इतके हसले की ठसका लागला. मिरचीचं पोतं शेजारी असल्यामुळं तो बराच वेळ टिकला.

त्यावरून पोरीला सुचलं ते असं की गावातल्यांसाठी 'दुकानातून घेऊन जा' असं बटण लावायचं. डिलिव्हरी शून्य, ओटीपी नाही, माल उघडून बघा, रोख द्या. तक्त्यातली सगळी कारणं एका बटणात संपली. दोन दिवसांनी अप्पा आले. हातात झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेला टोपलीचा कागद, समासात लाल शेरे. पुतणीनं तिन्ही वस्तू काउंटरवर मांडून ठेवल्या होत्या. अप्पांनी मिरचीची पिशवी उघडली, चिमूट तळहातावर घेतली, रंग उजेडात बघितला, बोट जिभेला लावून चिमटीत बुडवलं आणि पुन्हा जिभेला लावलं. डोळ्यांत पाणी आलं. "माल चांगला हाय," म्हणाले. येसराचा वास घेतला. तेल बाटलीत हलवून बघितलं. बेरीज स्वतः केली, ५८५ बरोबर.

मग त्यांचा हात खिशाकडं गेला. पुतणीनं श्वास धरला. मीसुद्धा.

खिशातून लाल पेन निघालं. तिन्ही पिशव्यांवर त्यांनी 'पाहिले' असं लिहून खाली तारीख टाकली.

"बाजूला ठिव माय. बोधनला बहिणीकडं जाऊन येतो."

ते गेल्यावर पुतणी स्टुलावर चढली. वरच्या फळीवर जागा करताना तो हळदीच्या रंगाचा गठ्ठा तिच्या हाताला लागला. सुतळीत एक चिठ्ठी खोचलेली होती, बापूंच्या अक्षरातली. तिनं ती मोठ्यानं वाचली: "धोतरजोडी एक. अप्पा. मोंढ्यातून येतो म्हणाले."

"जरा भिंतीकडं सरकव," बापू खालून म्हणाले. "तेलाची बाटली उभी ऱ्हायला पायजे."