ऑन रोड किती, ऑफ रोड किती?

(रंगमंचावर एक खुर्ची. खुर्चीला टेकवून ठेवलेला एक जुना टायर. कलाकार येतो, आधी टायरला वाकून नमस्कार करतो, मग प्रेक्षकांना.)

भिवंडीचं कोण आलंय? हात वर करा. बघा, हात वर करतानाही दुसरा हात कमरेवर आहे. ओळखू आलात. राजनोली नाक्यावरून कोण निघालं होतं? (वाट बघतो.) ते अजून यायचेत.

मी टेमघरचा. टेमघर म्हटलं की पुणेकर लगेच म्हणतो, "वा, धरण!" नाही हो. ते मुळशीतलं, मुठा नदीवरचं. आमचं टेमघर भिवंडीतलं, कल्याण रोडवरचं. धरण आमच्याकडेही होतं, पण जूनमध्ये, भर रस्त्यात, आणि त्याला दरवाजे नसतात. आमच्याकडे जलशुद्धीकरण केंद्र आहे. शहाडला उल्हास नदीतून पाणी उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पाठवायचं. शहाड-टेमघर, म्हणून 'स्टेम'. म्हणजे पाणी ठाण्याला जातं आणि चिखल टेमघरला राहतो. माझा साडू ठाण्याला राहतो. त्याचा विषय पुढे येणार आहे. तो येईपर्यंत मी थांबू शकत नाही म्हणून आत्ताच सांगतो: त्यानं माझा जॅक नेलाय. हा प्रयोग मी त्या जॅकसाठी करतोय.

तर, मी थार घेतली. नवी थार बाजारात कधी आली माहितीये? २ ऑक्टोबर २०२०. गांधी जयंतीला! अहिंसेच्या मुहूर्तावर आलेली गाडी. आणि पुढे ती चालवायला कोण कोण बसलं, ते तुम्ही बघताच आहात.

टायर झिजले. टायरच्या खाचेत एक छोटा उंचवटा असतो. रबर झिजून त्याच्या पातळीला आलं, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. कायद्यानं संपला. आमचे मामा म्हणाले, "आरं, तार दिसाला लागली का संपतो टायर! अजून तार कुठं दिसतंय?"

हे आमचे मामा. आगरी माणूस. गळ्यात साखळी अशी, की मामा ती घालून तळ्यात उतरत नाहीत, वर येण्याची खात्री नाही म्हणून. मामांची भातशेती होती. निम्म्या शेतावर आता गोडाऊन आहे. तुम्ही रात्री अकराला मोबाईलवरून चपला मागवता ना, त्या बहुतेक मामांच्या भाताच्या वाफ्यातून निघतात. मामांना मी म्हटलं, "मामा, या वेळी मड टायर टाकतो." मामांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला,

"बाला, तुला जावाचा कुठं हाय?"

झालं! मी चिडलो आणि दुकानात गेलो. दुकान एसी. कॉफीचं मशीन. पंक्चरवाल्याकडे कॉफी? तिथंच बिल कळायला हवं होतं. एक मुलगा टॅब घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट. टायरच्या दुकानात इस्त्रीचा शर्ट म्हणजे तो कधी टायरला हात लावत नाही. म्हणाला, "सर, वापर कसा आहे? ऑन रोड किती टक्के, ऑफ रोड किती टक्के?"

(लांब विराम. प्रेक्षकांकडे बघतो.)

टेमघरच्या माणसाला विचारतोय.

मी म्हटलं, थांब, हिशेब करतो. घरातून निघालो. गल्ली सिमेंटची. ऑन. गल्लीच्या तोंडाशी पाइपसाठी खणलंय. ऑफ. बुजवलंय. ऑन! मुरमानं बुजवलंय. पाऊस पडला. ऑफ. वर पेव्हर ब्लॉक टाकले. ऑन. त्यातले दोन ब्लॉक कुणीतरी चूल मांडायला नेले. ऑफ. कल्याण रोडला लागलो. डांबर! ऑन, ऑन! समोरून कंटेनर आला, मी डावीकडे घेतली. आता माझी उजवी दोन चाकं डांबरावर आणि डावी दोन साइडपट्टीच्या खाली. एकाच वेळी ऑन आणि ऑफ! तर टक्के गाडीचे काढायचे की चाकागणिक?

मुलगा टॅबवर बोट धरून उभा.

म्हटलं, लिहून घे. पुढे पाणी साचलंय. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. ऑन की ऑफ? आत्मविश्वास! त्याचा रकाना आहे का? त्याच्यापुढे कंटेनर आडवा, गोडाऊनच्या गेटात शिरतोय. अर्धा तास. हा ना ऑन रोड, ना ऑफ रोड. हा नो रोड. त्याचे किती टक्के?

मुलगा म्हणाला, "सर, तसा ऑप्शन नाहीये."

मग भिवंडीत दुकान कशाला टाकलंस!

(टाळ्यांसाठी थांबतो. नाही आल्या तरी थांबतो.)

बरं, तो म्हणाला, "मी कॅटेगरी समजावतो. एचटी, एटी, एमटी." मी म्हटलं, एसटी नाही का? ती सगळीकडे जाते. त्याला विनोद कळला नाही, इस्त्री होती. एचटी म्हणजे हायवेचा टायर. गुळगुळीत स्वभावाचा, डांबरावर गप्प पळतो. एमटी म्हणजे मड टेरेन. मोठे मोठे गुट्टे, मधे रुंद फटी. चिखल फटीत घुसतो, चाक फिरलं की बाहेर फेकला जातो, म्हणून पुढच्या फेरीला गुट्ट्याला पकड मिळते. टायर स्वतःच स्वतःला साफ करतो. भिवंडीत स्वतःहून साफ होणारी ही एकच वस्तू! आणि एटी म्हणजे ऑल टेरेन, दोघांच्या मधला. लग्नातला तो काका असतो ना, दोन्ही पक्षांकडून जेवतो, तो.

मी म्हटलं, एमटी दे. दिसायला काय दिसतो! साडूच्या गाडीला एमटी आहेत. साडूच्या गाडीला टपावर दिव्यांची माळ आहे, पुढे दोरखंड ओढायचं मशीन आहे, बाजूला नाकासारखा पाइप आहे, नदीत बुडाली तरी गाडी श्वास घेणार. ठाण्यात! ती गाडी आयुष्यभर मॉलच्या बेसमेंटमध्ये श्वास घेतेय. पावसाळा आला की साडू आणि त्याचे मित्र पैसे भरून वज्रेश्वरीकडे चिखलात जातात. त्याला अनुभव म्हणतात. चिखलात रुतायचे पैसे, एकमेकांना बाहेर काढायचे पैसे, वर टी-शर्ट. येताना एकदा आमच्याकडे टेमघरला उतरला. गाडीतून उतरला, बुटाकडे बघितलं, मागे वळून रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला,

"तुमचा हा ट्रॅक भारी आहे. फी किती घेता?"

(शांतपणे.) पंक्चर झालं होतं त्याचं. म्हणून जॅक दिला.

मामा शेजारीच होते. त्यांनी साडूला आदरानं विचारलं, "पावनं, तुमाला जावाचा कुठं होता?"

आता एमटीची खरी गोष्ट ऐका, जी इस्त्रीवाला शेवटी सांगतो, कार्ड स्वाइप झाल्यावर. गुट्टे मोठे, फटी रुंद, म्हणजे डांबराला टेकणारं रबर कमी. ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर ब्रेक मारलात की गाडी थांबायला जास्त जागा घेते. आमच्याकडे दोन गाड्यांमध्ये जागा म्हणजे रिक्षा! त्या जागेत ऑलरेडी रिक्षा असते. टायर जड, म्हणून डिझेल जास्त. डांबरावर लवकर झिजतो. आणि आवाज! ऐंशीच्या वर गेलात की खालून खडखडखडखड. साडूची बायको म्हणते, डोकं उठतं. आम्ही एकदा त्याच गाडीतून गेलो, आमच्या घरचे सगळे झोपले. अहो, भिवंडीत लहानाचे मोठे झालेत, पॉवरलूमच्या भिंतीला भिंत. आम्हाला आवाजानं जाग येत नाही. लूम बंद पडला की जाग येते, "काय झालं? लाइट गेली?" साडूनं सिग्नलला गाडी थांबवली, अख्खी बॅकसीट दचकून उठली.

मी मुलाला म्हटलं, मग साइज तरी मोठी दे. २४५ बाय ७५, आर १६ आहे, तिथं २६५ बसव. म्हणाला, "बसतो सर, पण चाक मोठं झालं की मीटर चुकतो." हिशेब बरोबर आहे. चाकाचा व्यास साधारण तीन सेंटिमीटरनं वाढतो. मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४नं पळत असते. म्हणजे मी कायदा पाळतोय असं मला वाटणार आणि कॅमेऱ्याला वाटणार नाही. वर आरटीओ. वर इन्शुरन्सवाला, जो एरवी फोन उचलत नाही, पण क्लेमच्या दिवशी टेप घेऊन टायर मोजायला येतो.

आणि गंमत बघा. आमच्या तालुक्यातच आमणे आहे. समृद्धी महामार्ग तिथं सुरू होतो. तुम्ही नागपूरचे असाल तर संपतो. शेवटचा इगतपुरी ते आमणे तुकडा ५ जून २०२५ला उघडला. ७०१ किलोमीटर काँक्रीट, गाडीला १२०ची परवानगी. तिथं तासन्‌तास तापलेल्या काँक्रीटवर पळायला एचटी पाहिजे, हवा बरोबर पाहिजे. आणि त्या समृद्धीपर्यंत पोचायला? एमटी! शिवाय मेट्रो पाच. १८ डिसेंबर २०१८ला पंतप्रधानांनी कल्याणात भूमिपूजन केलं. ठाणे, भिवंडी, कल्याण. नकाशात टेमघर नावाचं स्टेशन आहे. मी नकाशा फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. पाहुणे विचारतात, "स्टेशनपासून घर किती लांब?" मी म्हणतो, "चालत पाच मिनिटं. स्टेशन यायला वेळ आहे."

तर मामा मला म्हणाले, "चल, तुला चिखलाचा टायर दाखवतू." उरलेल्या निम्म्या शेतावर नेलं. चिखलणी चालू होती. ट्रॅक्टरला मागे रबरी टायर नाहीतच! लोखंडी पट्ट्यांची पिंजऱ्यासारखी चाकं. चिखल इकडून आत, तिकडून बाहेर. रुतत नाही, घसरत नाही. म्हणजे लाख रुपयांच्या मड टायरमागची सगळी अक्कल, फट ठेवा, चिखल बाहेर पडू द्या, ती आमच्या मामांच्या शेतात लोखंडात उभी! मामा म्हणाले, "आमचे बैलगारीच्या चाकाला लोखंडाची धाव होती. बापानं चरवली, मना पुरली. कंधी हवा भरली नाय, कंधी बॅलन्सिंग केला नाय."

मी म्हटलं, मामा, हीच चाकं थारला लावू! मामा एकदम गंभीर. "नाय बाला. ही चाका डांबरी रस्त्याव घालाची नाय. रस्ता खराब होतो."

(विराम.)

मामा, कुठला रस्ता?

(हशा ओसरू देतो. खुर्चीवर बसतो. टायरवर हात ठेवतो.)

एक सांगू? खरा ऑफ-रोडर साडू नाही. मीही नाही. आमच्या खाली चार चाकं आहेत, आजूबाजूला पत्रा आहे. खरा ऑफ-रोडर तो, जो रात्रपाळी संपवून पावसात स्कूटरवरून घरी येतो. मागे बायको, पुढे पोरगं उभं, हँडलला डबा. त्याचा टायर दहा-बारा इंचाचा. त्याला पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि त्याला कुणी टक्के विचारत नाही. २०२५च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, खड्ड्यामुळे माणूस गेला तर घरच्यांना ६ लाख द्या. जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख. चांगला निकाल आहे. पण मी दुकानात बसून मड टायरचं कोटेशन वाचत होतो. स्टेपनीसकट पाच टायर, लाखाच्या घरात. म्हणजे एक माणूस बरोबर सहा सेट. हा हिशेब मी त्या मुलाला दाखवला नाही.

मामांना सांगितला. मामा बराच वेळ गप्प. मामा गप्प म्हणजे आमच्याकडे सुतक. मग म्हणाले, "मानूस मेल्याव सा लाख देतीन. तं खरी-डांबर आदी टाकाला काय जाते यांचा?"

(उठतो, झटकन.) आणि तेवढ्यात तो इस्त्रीवाला फोनवर, "सर, मग एमटी फायनल करू का? कॉफी कॉम्प्लिमेंटरी आहे." मी म्हटलं, बाळा, तू आमच्या मामांशी बोल. फोन दिला. मामा फोनवर फक्त एवढंच, "हां. हां. पन त्याला जावाचा कुठं हाय, ता इचारलास का?" पलीकडून फोन कट.

मी एटी टाकले. साइज तीच. टायरवरची तारीख बघून. कडेला चार आकडे असतात: २३२४ असेल तर २०२४चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला टायर सेलमध्ये नवा होतो, सांभाळा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो तो आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. हवा मित्राला विचारून भरू नका, ड्रायव्हरच्या दारावर पट्टी आहे, तिच्यावर लिहिलीय तेवढीच. खऱ्या चिखलात उतरायचंच असेल तर हवा अठरा-वीस पीएसआयवर आणा, टायर पसरतो, पकड येते. पण रस्त्याला लागायच्या आधी परत भरा. रस्ता कुठे सुरू होतो ते कळलं नाही, तर अंदाजानं भरा.

मड टायर त्यानं घ्यावेत, ज्याचं शेत आहे, बांध आहे, जंगलातली नोकरी आहे. खड्डा म्हणजे चिखल नव्हे. खड्ड्यावर टायर हा इलाज नाही, खड्डा बुजवणं हा इलाज आहे, आणि तो टायरच्या दुकानात मिळत नाही. तोवर भिवंडीकरांनो, एटी वापरा, स्टेपनीत हवा ठेवा, जॅक कुणाला देऊ नका. आणि साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा उचला, कारण शेजारून स्कूटरवाला जात असतो.