चिठ्ठी दाखवा काकांना

गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत एक काका असतातच. ते डॉक्टर नसतात, केमिस्टही नसतात. बहुधा बँकेतून नाहीतर म्युनिसिपालटीतून निवृत्त झालेले. पण कुणाच्या घरी प्लास्टर घातलेला माणूस आला, की सून चिठ्ठी घेऊन आधी यांच्याकडे. काकांना डॉक्टरचं अक्षर लागतं, आणि ते लागतं हे चारचौघांना कळावं अशी त्यांची रास्त इच्छा असते.

मुंबईचा औषधी नकाशा त्यांना तोंडपाठ. सर्जिकलचं सामान प्रिन्सेस स्ट्रीटला, मरीन लाइन्सला उतरून चालत. (पाटीवर शामलदास गांधी मार्ग असं आहे, काका ते मान्य करत नाहीत.) कॅन्सरची औषधं परळला, टाटा हॉस्पिटलच्या आसपास. पुण्याला लेक दिली असेल तर सदाशिव पेठ, नागपूरला आत्या असेल तर गंजीपेठेतला दवाबाजार. रक्तदाबाची रोजची गोळी मात्र जनऔषधी केंद्रातली. "कंटेंट तोच हो, फक्त बारसं झालेलं नाही!"

फाउलर बेड, एअर बेड, कमोड चेअर विकत घेणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग येतो. गावोगावी रुग्णसाहित्य केंद्रं आहेत. डिपॉझिट भरा, नाममात्र भाडं द्या, काम झालं की पुसून परत करा. "आजींचं हाड जुळेल, पलंग जन्मभर माळ्यावर!" आणि हो, बेड जिन्यात वळतो का, ते आधी मोजा. हे डॉक्टर सांगत नाहीत.

एका बाबतीत काका कर्मठ. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक ते कुणालाही मिळवून देत नाहीत. 2014 पासून त्यातल्या बऱ्याच औषधांची विक्री दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरात, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहून नोंदवावी लागते, हे ते दुकानदारालाच ऐकवतात. बिल मागतात, बॅच नंबर ताडून बघतात. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत हवं. बर्फाला चिकटून गोठलेली कुपी त्यांनी एकदा काउंटरवरूनच परत केली होती.

या सेवेची फी एकच: दुखणं काय, कुठे आणि कधीपासून, ते सविस्तर सांगायचं. काकांचा आवाज मोठा, जिना घुमणारा. "जोर करावा लागतो का?" हा प्रश्न तिसऱ्या मजल्यावर विचारला, तर तळमजला मान हलवतो. त्यामुळे मूळव्याधीचं मलम लोक दोन स्टेशनं पलीकडे जाऊन, छापील किमतीला, मुकाट्याने घेऊन येतात.