कशावरून सर

गंगाखेडकडच्या शाळांतून असा एखादा सर हमखास सापडतो. वेळापत्रकात भूगोल, ऑफ तासाला तत्त्वज्ञान. खरं तर हा विषय अकरावीला, तोही कला शाखेत आणि घेतला तरच. पण सरांना तेवढा धीर नाही. "तोवर पोरं प्रश्न विचारायचं विसरतात की!"

परिपाठाला सुविचार असतो, 'सत्याचा नेहमी विजय होतो.' मुलं एका सुरात वाचतात. मागून सर हळूच, "कशावरून?"

"फळ्यावर लिवलंय, सर."

"फळ्यावरचं खरं कशावरून?"

तोवर गणिताचे सर दारात येऊन घसा खाकरत असतात.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण म्हणजे सरांचा जीव की प्राण. "तिथला तत्त्वज्ञ कांट, 1724 चा जन्म. गाव सोडून फार लांब कधी गेला नाही, तरी जगाला विचार करायला लावलं!" एकदा एका पोरीनं नकाशात त्याचं गाव शोधलं, तर ते निघालं रशियात. भूगोलाचे सर क्षणभर गोरेमोरे झाले, मग एकदम खुलले. "गाव तिथंच, देश बदलला. मग सांगा, देश म्हणजे काय?" गणित पुन्हा बुडालं.

पण हुकमी गोष्ट विसोबा खेचरांची. औंढ्याला पिंडीवर पाय टाकून झोपलेले विसोबा नामदेवांना म्हणतात, जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव. "औंढा 1999 ला हिंगोली जिल्ह्यात गेलं, प्रश्न इथंच आहे," म्हणून सर गोष्ट तिथंच सोडतात. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर एकानं तंगड्या पसरल्या. सर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "जिथं शाळा नाही तिथं ठेवा, सर." शिक्षा करायची सोडून सरांनी हा किस्सा आठवडाभर स्टाफरूममध्ये ऐकवला.

मग एकाचे वडील आले. "सर, काय शिकवायलात ओ? फवारणीला चल म्हणलं तर पोरगं म्हणतंय, बोंडअळी आली कशावरून?"

"मग?"

"मग काय, चार बोंडं फोडून दाखवली."

"झालं की! पुरावा दिलात."

वडील दारापर्यंत गेले आणि वळले. "पण सर, चार बोंडांवरून सगळं वावर किडलं, हे तरी कशावरून?"

सरांनी शिपायाला दोन चहा सांगितले.