‘दादा, चालंना’ : स्क्रिप्ट अडलेल्यांसाठी आचारसंहिता

मदत मागण्याचा सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे मॉनिटरचा तिरका फोटो. त्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब स्वच्छ दिसते, एररची शेवटची ओळ मात्र कापलेली असते आणि खाली दोनच शब्द असतात : ‘दादा, चालंना.’ पायथन आपली नेमकी तक्रार त्या शेवटच्या ओळीतच सांगते. हे पाहता नेमके तेवढेच वगळणाऱ्याच्या कौशल्याला दाद द्यावी लागते. हिंजवडीत नोकरीला असलेला दादा मग ‘पूर्ण पाठव’ असे लिहितो. त्यावर ट्यूबलाइटचा दुसरा फोटो येतो.

या व्यवहाराला शिस्त लावावी म्हणून हे मार्गदर्शन. जालना जिल्ह्याला या शास्त्राची जुनी परंपरा आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात, पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे दिली आणि दहाव्यात पढतमूर्खाची. मदत मागणाऱ्याने पहिला समास वाचावा, करणाऱ्याने दहावा. एकोणिसाव्या दशकाची सुरुवात तर लेखनाच्या शिस्तीनेच होते. ओळी सरळ हव्यात, अक्षरे सुटी हवीत, अंतर सारखे हवे. १९९१ साली गिदो व्हान रॉसम यांनी पायथन प्रसिद्ध केली तेव्हा अंतराचा हा आग्रह थेट व्याकरणातच आला. ओळीच्या आरंभीची मोकळी जागा चुकली की स्क्रिप्ट पाऊलही टाकत नाही. टॅब आणि स्पेस यांची खिचडी करणाऱ्याला पायथन नुसती एरर देऊन सोडते. समर्थांनी त्याच्यावर निदान एक ओवी खर्च केली असती.

आता मागणाऱ्याने नेमके काय पाठवावे? बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिकोची सुरुवात केली ती जालन्यातच, तेव्हा इथल्या माणसाला पिशवीवरची चिठ्ठी वाचायला शिकवण्याची गरज नसावी. लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख यांतले काही नसलेली कपाशीची पिशवी कोणी घरी नेत नाही. अडलेल्या स्क्रिप्टलाही तशीच चिठ्ठी लावावी : भाषेची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, एररचा पूर्ण मजकूर (टाइप केलेला, फोटो नव्हे) आणि माहितीच्या फाइलमधल्या पहिल्या दोन ओळी. ‘पायथन आहे’ एवढे उत्तर चालणार नाही. मजकूर व्हॉट्सॲपवर टाकायचा असल्यास आधी आणि नंतर तीन तीन उलटे टिक घालावेत, नाहीतर दोन ताऱ्यांमधला मजकूर ठळक होतो आणि तारे बेपत्ता. कोड वर्डमध्ये तर कधीच ठेवू नये. वर्ड सरळ अवतरणचिन्हांना बाक आणते आणि पायथन असली वाकडी चिन्हे ओळखत नाही.

आवृत्ती विचारणे हा आगाऊपणा नव्हे. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत ७ भागिले १२ केले की उत्तर शून्य येत असे, कारण दोन पूर्णांकांच्या भागाकारातला अपूर्णांक ती टाकून देई. सातबारा शून्य दाखवणाऱ्या या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि मराठवाड्यात कोणी डोळे पुसल्याचे ऐकिवात नाही. तिसऱ्या आवृत्तीत तेच उत्तर ०.५८३ च्या आसपास येते. एक्सेलचा हिशेब आणखी वेगळा. भारतीय सेटिंग असेल तर सातबारा म्हणजे ७ डिसेंबर आणि गट क्रमांक १२/१ म्हणजे १२ जानेवारी! या खोडीने शास्त्रज्ञांनाही सोडले नाही. ‘मार्च१’, ‘सप्ट१’ अशा जनुकांच्या तारखा होऊ लागल्या, तेव्हा मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलली आणि २०२० मध्ये तसे जाहीर केले. एक्सेलपुढे विज्ञानाने हात टेकले तिथे तलाठ्याचे काय!

मोसंबीच्या हिशेबात वेगळा घोळ होतो. सकाळी २० टन, दुपारी १५ टन, आणि स्क्रिप्ट बेरीज सांगते २०१५ टन. कीबोर्डवरून घेतलेला आकडा पायथन मजकूर समजते आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणे. आधी त्याचे पूर्णांकात रूपांतर करावे. मदत करणाऱ्याने अशा वेळी हसू नये, निदान फोन बंद होईपर्यंत.

सर्वांत अवघड जागा मात्र वेगळीच आहे, आणि ती खास मराठी माणसासाठी राखलेली आहे. फाइलमध्ये ‘शेतकऱ्याचे नाव’ असा रकाना आहे. स्क्रिप्टमध्येही ‘शेतकऱ्याचे नाव’ असेच लिहिले आहे. पायथन म्हणते, असा रकाना नाही. तालुक्यातले चार जाणकार चष्मे पुसून बघतात. सगळ्यांना रकाना दिसतो, यंत्राला दिसत नाही. गोम ‘ऱ्या’मध्ये असते. एका कीबोर्डवर तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहिला जातो. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण यंत्राने ‘शेतकऱ्याचे’ मोजले की एकात दहा चिन्हे भरतात, दुसऱ्यात अकरा. युनिकोडच्या नेहमीच्या शुद्धीकरणानेही हा भेद जात नाही. दोन्ही शब्दांची लांबी छापून बघावी आणि एक रूप ठरवून दुसरे सगळीकडे बदलून टाकावे. सिनियर, ज्युनियर, ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे सगळे वाद या एका चिन्हाने मिटतात, किंवा पेटतात.

देवनागरी अंकांबाबत मात्र पायथन मोठ्या मनाची आहे. अवतरणचिन्हांत ‘१५’ लिहून पूर्णांक मागितला तर ती निमूट पंधरा देते. (तोच अंक थेट कोडमध्ये लिहिला तर मात्र ओळखही दाखवत नाही.) ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केलेली जावास्क्रिप्ट त्याच ‘१५’ला ‘हा आकडाच नव्हे’ असे तोंडावर सांगते. ज्ञानेश्वरीची ओवीसंख्या मोजायला निघालेल्याने आधीच भाषा नीट निवडावी.

मदत करणाऱ्यासाठीही काही पथ्ये आहेत. ‘गूगल कर’ हे उत्तर नव्हे. परक्याचा माउस दुरून ताब्यात घेऊन तीन मिनिटांत दुरुस्ती करणे हा पराक्रम खरा, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन येण्याची ती हमीच असते. ‘मी असतो तर हे दुसऱ्याच भाषेत लिहिलं असतं’ हे वाक्य तर दहाव्या समासात सहज खपले असते. समोरच्याला इंग्रजी जड जात असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले मराठी आवाजातले धडे त्याच्या हाती द्यावेत. आणि ‘काल काय बदललं होतंस?’ हा प्रश्न दोनदा विचारावा. पहिल्यांदा उत्तर येते ‘काहीच नाही’. दुसऱ्यांदा येते ‘म्हणजे, फक्त विंडोज नवीन टाकलं’.

काम झाल्यावर ग्रुपवर ‘झालं, थँक्यू’ एवढेच लिहून गायब होणाऱ्याला ग्रुपवर परत बोलावून काय केल्याने झाले ते लिहायला लावावे. आणि तयार झालेली सीएसव्ही फाइल ‘एकदा बघून घेतो’ म्हणत एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नये. जालन्याच्या ०२४८२ मधले शून्य तेवढ्यात उडालेले असते, आणि दादाचा फोन आता स्विच ऑफ लागतो.